लाइट गेली तरी चालेल

संध्याकाळी कामावरून आल्यावर आत्या एकदम घरात यायची नाही. दाराबाहेर उभी राहून पिशवीतून रुंद चिकटपट्टी काढायची, वीतभर तोडायची, आणि एकेका बोटावर, तळव्यावर, कोपरापर्यंतच्या हातावर दाबून दाबून उचलायची. मग ती पट्टी जिन्यातल्या दिव्यासमोर धरून एक डोळा मिटून बघायची. फायबर म्हणजे काचेचाच तंतू, केसाहून बारीक. जोड देताना त्याचे तुकडे उडतात, कातडीत शिरतात, दिसत नाहीत आणि दिवसेंदिवस सलत राहतात. पट्टी कोरी निघेपर्यंत तिचं हे चालायचं. आत आईने ओतलेला चहा निवत असायचा.

"ताई, हातांचे लाड झाले असतील तर या आता," आई म्हणायची.

"थांब गं. तुझ्या चहात काच पडली तर उद्या मलाच बोल लावशील."

आत्याला जाऊन दीड वर्ष होत आलं. ती माझ्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरातल्या मागच्या खोलीत राहिली. लग्नाबद्दल कुणी खोदून विचारलं तर सांगायची, "माझ्याकडे आले ते सगळे फोन बंद पडल्याची तक्रार घेऊनच आले. दुसरं काही बोलायला त्यांना सुचलंच नाही." बावीस वर्षं ती टेलिफोनच्या तांब्याच्या तारा जोडत होती. रस्त्याकडेच्या खड्ड्यात मांडी घालून बसायची आणि शेकडो रंगीत तारांच्या झुबक्यातून नेमकी एक जोडी चिमटीत धरून वर काढायची. मग तांबं संपत आलं. कंपनीने घरोघरी फायबर न्यायचं ठरवलं, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आत्या चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन काच जोडायला लागली.

तिच्या सुपरवायझरला सगळे 'लगेचराव' म्हणत. त्याच्या प्रत्येक वाक्यात 'लगेच' असायचं. लगेच निघा, लगेच जोडा, लगेच फोटो टाका. दिवसाला सात घरं व्हायलाच हवीत, असा त्याचा नियम. त्या सात घरांत आत्याला लोकांच्या कपाटामागे शिरावं लागे. तिथे काय नसायचं? पालीच्या अंड्यांची टरफलं, केसांचे गुंते, तेलकट धुळीचे थर, कुणीतरी लपवून विसरलेली अर्धी बिस्किटं, एकदा तर वाळून चपटा झालेला उंदीर. समोरून घर आरशासारखं आणि मागे हे. मी ऐकतानाच ताट बाजूला सरकवायचे. ती मात्र फडक्याने जागा पुसून कामाला लागायची. घाणीचा तिला कंटाळा होता, किळस नव्हती. किळस हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला तो कंपनीच्या एका मेसेजबद्दल. फोनवर रोज येतात तसला, सवलतीचा.

पण त्याआधी शिंपीकाकांचं घर सांगायला हवं.

ते घर एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, अगदी मागच्या बाजूला होतं. दोन खोल्या. भिंती इतक्या जाड की मोबाईलला रेंज मिळायची ती बाहेरच्या फाटकापाशी गेल्यावरच. शिंपीकाकांचा एक हात आणि एक पाय आजारपणात लुळा पडला होता. शिवणयंत्र भिंतीशी चादर पांघरून उभं होतं. त्यांच्या पलंगाशेजारी मोठ्या आकड्यांचा फोन होता. पहिलं बटण दाबलं की मुलीला लागायचा, दुसरं दाबलं की डॉक्टरला. तांब्याची तार काढून फायबर बसवायला आत्या गेली, तेव्हा शिंपीकाकूंनी तिला विचारलं, "बाई, लाइट गेली तरी फोन चालेल ना? ह्यांचं असं आहे म्हणून विचारते."

"चालेल की," आत्या म्हणाली. "फोनला कधी लाइट लागलीय का?"

बावीस वर्षं ते खरं होतं. तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही यायची, थेट एक्स्चेंजमधून. वादळात सगळं गाव अंधारात बुडालं तरी घरातला फोन वाजायचा. आत्याला त्याचा अभिमान होता. फायबरचं तसं नसतं. काचेतून वीज येत नाही. भिंतीवरचा डबा घरच्या विजेवर चालतो, आणि घरची वीज गेली की डबा मरतो, फोनही मरतो. आत्याला हे ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. तो डबा प्लगमध्ये तीच तर खोचायची. पण हाताला नवं काम आलं होतं, जिभेवर अजून जुनंच होतं. काकूंसारखं जिथे जिथे कुणी विचारलं, तिथे तिने हसून तेच सांगितलं. जिथे विचारलं नाही, तिथे "सगळं आधीसारखंच" म्हणून सांगितलं. सहाशे बारा घरांत.

काकूंनी टॅबवर बोटाने सही केली. "माझी सही अशी कोळ्याच्या जाळ्यासारखी कधी झाली?" म्हणून त्या हसल्या. शिंपीकाका पलंगावरून म्हणाले, "आधीपासून तशीच आहे. आज उजेडात आली."

सात महिन्यांनी त्या घरातून तक्रार आली. फोन बंद होता, येऊन बघा. आत्या सकाळी पहिलं घर म्हणून तिथेच गेली. पलंग रिकामा होता. दार काकूंच्या मुलीने उघडलं. आत्याने डबा उघडला, मीटर लावलं, जोड तपासला.

"लाइन तर उत्तम आहे," ती म्हणाली. "फोनही चालू आहे. कधी बंद होता?"

"काल दुपारी. दीड ते साडेचार," मुलगी म्हणाली.

"मग काल काही तरी..."

"काल लाइट नव्हती. ट्रान्सफॉर्मरचं काम चालू होतं." मुलीने आवाज चढवला नाही. "बाबा बाथरूममध्ये पडले. आई फोन लावत बसली. हॉस्पिटलमध्ये आहेत ते आता. तुम्ही फक्त मला सांगा, फोन का लागला नाही?"

आत्या हातात मीटर घेऊन स्टुलावर बसली होती. घरी येऊन तिने मला सांगितलं, "त्या पोरीने 'लाइट नव्हती' म्हटलं ना, तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला. चालेल की. अगदी हसतमुख."

तिथून ती तडक ऑफिसात गेली. लगेचराव ऐकून घेत होता, पण त्याचा चेहरा काही हलला नाही. त्याने टॅबवर शिंपीकाकूंचा फॉर्म काढला आणि आत्यासमोर धरला. खालून तिसऱ्या ओळीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं: वीजपुरवठा खंडित असताना फोनसेवा बंद राहील, याची कल्पना ग्राहकास तोंडी देण्यात आली आहे. पुढे चौकट. चौकटीत हिरवी टिक. खाली कोळ्याचं जाळं. आणि त्याच्या खाली 'कल्पना देणारे कर्मचारी' म्हणून आत्याचा नंबर.

"ही टिक मी केलेली नाही," आत्या म्हणाली.

"कुणीच करत नाही, ताई. ती आधीपासूनच असते. मीच सुचवलं होतं वर. नाहीतर एकेका फॉर्मला दहा दहा मिनिटं जायची. आता लगेच होतं." तो हे सांगताना किंचित खूशच होता. "म्हणजे बघा, तुम्हाला काही त्रास नाही. कंपनीलाही नाही. कागद पक्का आहे."

"आणि त्या म्हाताऱ्याचं काय?"

"वाईट झालं. पण आपण कळवलं होतं ना."

"कोणी कळवलं?"

"टिक आहे ना, ताई," लगेचराव म्हणाला, लहान मुलाला समजावावं तसं.

साहेबांपर्यंत ती गेली. साहेबांच्या केबिनमध्ये सुगंधी फवाऱ्याचा गोड वास होता. आत्याला तो पुढे कितीतरी दिवस नाकात बसल्यासारखा वाटायचा. तिने मागितलं एवढंच, की ज्यांच्याकडे फायबर बसवलं त्या सगळ्यांना माणूस पाठवून खरं काय ते सांगा. साहेबांनी ओल्या कागदी रुमालाने बोटं पुसत ऐकलं. "मुद्दा योग्य आहे," ते म्हणाले. "आपण सगळ्यांना मेसेज टाकू."

मेसेज चौथ्या दिवशी सगळ्यांना गेला. आमच्याही घरी आला. 'वीज गेली तरी मजा थांबवू नका. बॅकअप बॅटरीवर फक्त या आठवड्यात वीस टक्के सूट.' पुढे हसऱ्या बॅटरीचं चित्र. फोनबद्दल एक शब्द नव्हता.

त्याच संध्याकाळी शिंपीकाकांच्या मुलीने आत्याच्या मोबाईलवर त्या मेसेजचा फोटो पाठवला. हॉस्पिटलच्या बाकावर बसून पाठवला असणार, कडेला निळ्या बाकाची कड आणि तिचा गुडघा दिसत होता. खाली तिने एक अक्षर लिहिलं नव्हतं. आत्याने फोन माझ्या हातात दिला, उठली, बेसिनपर्यंत गेली आणि ओकली. आई पाणी घेऊन मागे धावली.

"काय खाल्लंत बाहेर?"

"काही नाही. किळस आली," आत्या म्हणाली आणि बराच वेळ चुळा भरत राहिली.

अकराव्या दिवशी शिंपीकाका गेले.

त्यानंतरच्या रविवारपासून आत्या घरोघर जायला लागली. जोडणीच्या नोंदींची तिची स्वतःची वही होती, त्यात सगळे पत्ते होते. तिच्या छातीत अधूनमधून कळ यायची म्हणून आईने मला सोबत पाठवलं. पाण्याची बाटली आणि वही माझ्याकडे, बोलायचं तिने. तिचं वाक्य ठरलेलं होतं: "तुमच्याकडे फायबर मी बसवलं. तेव्हा मी चुकीचं सांगितलं होतं. लाइट गेली की तुमचा हा फोन बंद पडतो." ते ती इतकं सरळ म्हणायची की लोकांना संशय यायचा.

"आम्हाला बॅटरी नको," असं म्हणून पहिल्याच बाईंनी दार लावलं.

"मी विकायला नाही आले," आत्या बंद दाराला म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात," दार म्हणालं.

एका गृहस्थांनी बनियनवरच दार उघडलं, पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात तुमचं कमिशन किती?" एका घरात चार माणसं चार खोल्यांत चार स्क्रीन बघत होती. त्यातल्या एकाने डोकं वर न काढता सांगितलं, "आमच्याकडे लँडलाइन कुणी उचलतच नाही, काकू." पलीकडच्या खोलीतून एक म्हातारा आवाज आला, "मी उचलतो." त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. आत्या चपला काढून थेट त्या खोलीत गेली आणि पाव तास बसली. एका तरुणाला तिच्या म्हणण्याशी काही देणंघेणं नव्हतं, पण "आलाच आहात तर" राउटर तेवढा बघा, गेम अडकतो, असं त्याने सुचवलं. तिने कपाटामागे हात घातला, धूळ पुसली, वायरचा मुडपलेला भाग सरळ केला. त्याने आभारही मानले नाहीत. जिन्यात मी फणकारले तर म्हणाली, "वायर मुडपलेली होती गं. त्यात त्या वायरचा काय दोष?"

मला त्या सगळ्यांची शिसारी यायला लागली होती. दारं उघडून उभी राहणारी ती माणसं, त्यांच्या मागे लुकलुकणारे डब्यांचे हिरवे ठिपके, आणि 'हो का', 'असं का', 'बघू' हे तीन शब्द. कुणी रागावलं असतं तरी बरं वाटलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात कंपनीने तिला काढलं. ग्राहकांमध्ये घबराट पसरवते, असं पत्रात होतं. पत्र घेऊन लगेचरावच आला होता, दारातूनच परत गेला. बाबांनी पत्र दोनदा वाचलं. "एक म्हातारा गेल्यावर जे घाबरत नाहीत त्यांच्यात तू घबराट पसरवतेस? कमाल आहे तुझी," ते म्हणाले. आत्या तेवढ्यापुरती हसली. मग रविवारच कशाला, रोजच जायला लागली.

चारशे घरं झाली, साडेचारशे झाली. शिंपीकाकांच्या गल्लीतली सगळी घरं झाली, त्यांच्या इमारतीतली झाली. ते घर मात्र ती टाळत होती. वहीत त्या ओळीवर तिचं बोट यायचं आणि खाली सरकायचं. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मला तिचीही किळस आली. एकदाच, पण आली. म्हटलं, "आत्या, बाकीच्यांना सांगून तू नक्की कुणाची सुटका करतेयस?"

तिने वही मिटली. "चल," म्हणाली.

काकूंनी दार उघडलं आणि आत्याला ओळखलं. आत घेतलं. पलंग काढून टाकला होता, त्या जागी फरशी वेगळ्याच रंगाची दिसत होती. फोन आता खिडकीत ठेवलेला होता. आत्याने तिचं वाक्य म्हटलं. इतक्या घरांत म्हणून गुळगुळीत झालेलं ते वाक्य त्या खोलीत दोनदा अडखळलं.

"मला वाटलं, मीच चुकीचं बटण दाबतेय," काकू म्हणाल्या. त्या आत्याकडे बघत नव्हत्या. "चष्मा सापडत नव्हता. म्हटलं, बाईंनी सांगितलंय चालतो म्हणून, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. पुन्हा पुन्हा दाबत बसले. फाटकापर्यंत गेले असते तर कुणीतरी भेटलं असतं. पण ह्यांना एकट्याला सोडून कसं जायचं, आणि फोन तर आता लागेलच. तीन तास, बाई. हे म्हणत होते, अगं तू जा. मी म्हणत होते, थांबा हो, लागेल."

आत्या उभीच होती.

"तुम्ही 'माहीत नाही' म्हणाला असतात ना, तरी मी गेले असते," काकू म्हणाल्या.

"हो," आत्या म्हणाली.

"चहा मी विचारणार नाही."

"नको."

काकूंनी दार लावलं नाही. आत्यानेच बाहेर येऊन ते हळूच ओढून घेतलं. ती फाटकापर्यंत चालत गेली. तिथे आल्यावर तिच्या मोबाईलला रेंज आली आणि एकामागून एक मेसेज वाजायला लागले. पहिलाच बॅटरीच्या सवलतीची मुदत वाढल्याचा होता. तिने तो पुसला. मग म्हणाली, "पुढचं घर कुठलं?"

आणखी तीन आठवड्यांनी एकोणीसच घरं उरली. त्या दिवशी आम्ही शेवटच्या वस्तीतल्या एका चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत होतो. तळमजल्यावरची तीन घरं झाली. तिसऱ्या घरातल्या आजोबांनी आत्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, मध्ये दोन प्रश्न विचारले, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या वर चिकटवलं: लाइट गेल्यास फाटकाशी जाणे. इतक्या घरांत असं करणारे ते पहिलेच. आत्या तो कागद बघत जरा जास्तच वेळ थांबली. बाहेर आल्यावर कपाळ पुसत होती, चेहरा पांढुरका दिसत होता. मी म्हटलं, आज इथेच थांबू. तिने ऐकलं नाही.

ती तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पडली. छातीत कळ आली आणि संपलं, डॉक्टर म्हणाले की तिला कळलंही नसेल. वरच्या बाई झोपल्या होत्या, त्यांच्या घरची बेल वाजलीच नाही. नंतर कधीतरी मी त्यांना जाऊन सांगितलं, तर म्हणाल्या, "हो का. आम्हाला तो बॅटरीच्या सवलतीचा मेसेज आला होता." कंपनीकडून एक शोकपत्र आलं, छापील. रिकामी जागा ठेवून त्यात तिचं नाव भरलं होतं, खाली साहेबांच्या सहीचा शिक्का. आईने ते चिमटीत धरून कचऱ्यात टाकलं आणि साबणाने हात धुतले.

त्या दिवशी मी खालच्या पायरीवर बसले होते. आत्याने माझ्याकडून वही घेतली, पान बघितलं आणि म्हणाली, "तू बस इथेच, पाणी पी. चौथ्या मजल्यावरच्या बाई दुपारी लवकर झोपतात, त्यांच्याकडे आधी जाऊन येते."